बातमीतला ‘म्हणे’

वर्तमानपत्र वाचता येणे आणि वर्तमानपत्र समजणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे मला बरेच उशिरा कळले. अक्षरे जुळवून भराभर वाचणारी आमच्या घरातली मी पहिलीच. त्यामुळे सहावीत असल्यापासून संध्याकाळी अंगणात बसून अप्पांना पेपर वाचून दाखवण्याचे काम माझ्याकडे आले. अप्पा सहीपुरते लिहितात. पण जिल्ह्यातली एकही बातमी त्यांना चुकवायची नसते. मी वाचायची, ते ऐकायचे आणि दुसऱ्या दिवशी तीच बातमी पारावर जायची. माझ्या तोंडून निघालेला शब्द गावात ‘पेपरात आलंय’ म्हणून फिरतो, याचा मला त्या वयात अभिमान वाटे. त्या अभिमानाची किंमत आमच्या घराने मोजली. ती हकीगत सांगितल्याशिवाय या लेखाचा विषय नीट मांडता येणार नाही.

एक चिमणी, दोन बातम्या

होटगीहून सोलापूरला जाताना कुमठ्याच्या श्री सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याची उंच चिमणी दुरून दिसत असे. कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची ही चिमणी सुमारे ९० मीटर उंच होती आणि होटगी रोडवरच्या विमानतळाला ती अडथळा ठरते, असा वाद अनेक वर्षे चालू होता. वाद न्यायालयांतही गेला. अखेर १५ जून २०२३ रोजी मोठ्या पोलीस बंदोबस्तात महानगरपालिकेने स्फोटकांच्या साहाय्याने ती पाडली. काही क्षणांत सारे संपले.

त्या आठवड्यात सोलापूर जिल्ह्यात दोनच पक्ष उरले होते. एकाच्या मते शहराच्या विकासातला अडसर दूर झाला होता. दुसऱ्याच्या मते ऊसउत्पादकाच्या घामावर घाला पडला होता. अप्पांचा दोन एकर ऊस. साहजिकच आमचे घर दुसऱ्या पक्षाचे. माझे मामा सोलापुरात रिक्षा चालवतात. त्यांचा मुलगा इथे काम नाही म्हणून पुण्याला गेलेला. त्यांचे घर पहिल्या पक्षाचे. मी तेव्हा नुकतीच बारावीत गेले होते. आमच्याकडे येणाऱ्या पेपरातला एक मजकूर मी त्या संध्याकाळी अप्पांना मोठ्या आवेशाने वाचून दाखवला. त्यात, चिमणी पडल्यावर ज्यांना आनंद झाला ते शेतकऱ्याच्या जिवावर उठलेले लोक आहेत, अशा आशयाचे एक वाक्य होते. ते वाक्य बातमीतले नव्हते. शेजारच्या चौकटीतल्या लेखातले होते. पण मी चौकट ओलांडताना थांबले नाही. एकाच दमात, एकाच स्वरात सारे वाचून टाकले.

रात्री अप्पांनी मामांना फोन लावला. मामा खरोखरच आनंदात होते आणि त्यांच्या हातातल्या पेपरात कारखान्याची बाजू घेणाऱ्यांना विकासाचे शत्रू म्हटलेले होते. पुढे काय बोलणे झाले ते लिहीत नाही. त्या वर्षी भाऊबीजेला मामा आले नाहीत. आईने ओवाळणीचे ताट केले आणि तसेच झाकून ठेवले.

त्यानंतर काही दिवसांनी अप्पांनी मला विचारले, “पोरी, त्ये त्या दिवशीचं जिवावर उठल्याचं पेपरात लिव्हलेलं व्हतं का तुझ्या मनचं?” मी म्हटले, “पेपरातच होतं, अप्पा.” त्यावर ते म्हणाले, “मग त्ये घडल्यालं व्हतं, का लिव्हणाऱ्याला वाटल्यालं?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख म्हणजे ते उत्तर शोधण्याचा एक विद्यार्थी-प्रयत्न आहे.

‘आला’ आणि ‘आला म्हणे’

उत्तराची पहिली खूण मला पुस्तकात नव्हे, तर अज्जीच्या बोलण्यात सापडली. होटगीसारख्या गावात मराठी आणि कानडी एकाच उंबऱ्यावर नांदतात. अज्जी घरात कानडी बोलते. पाऊस तिने स्वतः पाहिला असेल तर ती म्हणते, ‘मळि बंतु’. शेजारणीने येऊन सांगितले असेल तर म्हणते, ‘मळि बंतंत’. शेवटी जोडलेल्या त्या ‘अंत’मुळे ऐकणाऱ्याला कळते की ही बाई स्वतः भिजलेली नाही. मराठीतही हीच सोय आहे. ‘पाऊस आला’ आणि ‘पाऊस आला म्हणे’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिल्यात बोलणारा साक्षीदार आहे, दुसऱ्यात तो केवळ निरोप्या आहे. शाळेचे तोंड न पाहिलेली माणसेसुद्धा हा भेद दिवसातून शंभरदा पाळतात.

मग वर्तमानपत्रात हा ‘म्हणे’ कुठे जातो? तो जात नाही. वेष पालटून येतो. ‘असे समजते’, ‘अशी चर्चा राजकीय वर्तुळात आहे’, ‘सूत्रांच्या माहितीनुसार’, ‘असे बोलले जात आहे’ हे सारे ‘म्हणे’चेच भाऊबंद आहेत. फरक एवढाच, की अज्जीचा ‘म्हणे’ कानाला टोचतो आणि हे शब्द टोचत नाहीत. उलट, ‘सूत्र’ हा शब्द इतका भारदस्त आहे की ऐकीव गोष्ट साक्षीपेक्षा वजनदार वाटू लागते. कित्येकदा मथळ्यात तो शब्दही नसतो. खालच्या परिच्छेदात ‘समजते’ असते आणि वर मोठ्या टाइपात नुसतेच ‘आला’. मथळा वाचून पान उलटणाऱ्याने ऐकीव गोष्ट डोळ्यांनी पाहिलेली म्हणून घरी नेलेली असते.

‘म्हणे’चा आणखी एक उपयोग आपल्या भाषेत आहे, आणि तो याच्या अगदी उलट आहे. तुकोबांच्या अभंगाच्या शेवटी ‘तुका म्हणे’ येते. तिथे ‘म्हणे’ला नाव आहे. जे सांगायचे ते माझे आहे, त्याला मी जबाबदार आहे, अशी ती जणू सही आहे. म्हणजे ‘म्हणे’ दोन जातींचा झाला. नाव असलेला ‘म्हणे’ हे मत. नाव नसलेला ‘म्हणे’ ही अफवा. मत वाईट नसते, बिननावाचे मत वाईट असते, हे सूत्र मी मनाशी धरून पुढे गेले.

विधानांचे चार प्रकार

तथ्य आणि मत असे दोनच खण आपण साधारणपणे करतो. पण राजकीय मजकूर वाचताना दोन खण अपुरे पडतात, असा माझा अनुभव आहे. निदान चार तरी हवेत.

पहिला प्रकार घडलेल्या गोष्टीचा. ‘१५ जून २०२३ रोजी चिमणी पाडण्यात आली.’ हे तपासता येते. अप्पा आणि मामा दोघेही ते नाकारू शकत नाहीत. तथ्याची खरी ओळख हीच, की ते आपल्या विरोधकालाही मान्य करावे लागते.

दुसरा प्रकार मताचा अथवा मूल्यनिर्णयाचा. ‘चिमणी पाडली हे योग्य झाले’ किंवा ‘अन्याय झाला’. हे कोणत्याही फूटपट्टीने मोजता येत नाही. त्याला कारणे देता येतात. पुरावा देऊन ते एकदाचे मिटवता येत नाही.

तिसरा प्रकार भाकिताचा. ‘आता विमाने येतील आणि उद्योग वाढतील’, ‘आता शेतकरी उद्ध्वस्त होईल’. ही विधाने बोलली गेली त्या दिवशी ना खरी असतात ना खोटी. त्यांचा निकाल काळ लावतो, आणि तोही भागशः. सोलापूरहून गोव्याची विमानसेवा ९ जून २०२५ रोजी सुरू झाली, हे आज तथ्य आहे. २०२३ साली ते भाकीत होते. मात्र त्यामुळे उद्योग किती वाढले, हा प्रश्न त्या उड्डाणाने सुटत नाही.

चौथा प्रकार आरोपाचा, आणि तोच सर्वांत फसवा. आरोप हे मत नव्हे. ते घडलेल्या गोष्टीविषयीचे विधान असते, पण अजून सिद्ध न झालेले. त्याला तपासाची गरज असते, निष्ठेची नव्हे. परंतु पक्षीय वाचक आपल्या विरोधकावरचा आरोप तथ्याच्या खणात टाकतो आणि आपल्या नेत्यावरचा आरोप मताच्या खणात.

इंग्लंडमधील ‘मँचेस्टर गार्डियन’चे संपादक सी. पी. स्कॉट यांनी १९२१ साली पत्राच्या शताब्दीनिमित्त लिहिताना, टीकाटिप्पणी करायला मोकळीक आहे, वस्तुस्थितीला मात्र हात लावता येत नाही, अशा अर्थाचा विचार मांडला होता. तो जगभर सांगितला जातो. पण त्याच्या कितीतरी आधी हाच धडा महाराष्ट्राने एका कडू अनुभवातून घेतलेला होता.

कोल्हापूर प्रकरण

मराठी वृत्तपत्रसृष्टी जन्मापासूनच मते मांडणारी आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ सुरू केले ते लोकांना शहाणे करण्यासाठी. नुसत्या वार्ता पुरवण्यासाठी नव्हे. १८७७ साली निघालेल्या ‘दीनबंधू’ने सत्यशोधक विचाराचा पक्ष घेतला. जानेवारी १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि इंग्रजी ‘मराठा’ निघाले. केसरीचे संपादक गोपाळ गणेश आगरकर, तर मराठाचे बाळ गंगाधर टिळक. दोघेही पंचविशीच्या आतबाहेरचे. म्हणजे आपल्याहून फार मोठे नव्हेत.

त्या काळी कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेड लागले आहे, असे सरकार सांगत होते. महाराजांचा छळ करून त्यांना वेडे ठरवले जात आहे, असे लोकांना वाटत होते. संस्थानचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यावर संशयाचा रोख होता. केसरी आणि मराठा यांनी महाराजांची बाजू घेतली. या बाजूला पुष्टी देणारी काही पत्रे त्यांच्या हाती आली. ती बर्व्यांची म्हणून सांगितली जात होती आणि त्यांतून कारस्थान उघड होत होते. संपादकांनी त्यांवर विश्वास ठेवला, मजकूर प्रसिद्ध झाला. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली आणि ती पत्रे बनावट निघाली. संपादकांनी दिलगिरी व्यक्त केली, तरी शिक्षा टळली नाही. जुलै १८८२ मध्ये दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढून ते ऑक्टोबरात सुटले. या खटल्यात त्यांना जामीन मिळावा म्हणून धावून आले ते महात्मा फुले यांचे सहकारी रामशेठ उरवणे. विचारांनी दूर असलेली माणसे त्या वेळी जवळ आली, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आता या प्रकरणाचा विचार आपल्या खणांनुसार करून पाहू. महाराजांवर अन्याय होत आहे, हे मत होते. ते मत निराधार होते असे म्हणता येत नाही. डिसेंबर १८८३ मध्ये तत्कालीन अहमदनगर येथे नजरकैदेत असताना पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत महाराजांचा मृत्यू झाला. लोकांची काळजी खोटी नव्हती. पण पत्रे खोटी होती. मत रास्त असले म्हणून पुरावा खरा ठरत नाही. आणि माझ्या मते याहूनही महत्त्वाची गोष्ट अशी, की पत्रे खरी वाटली ती त्यांच्या मताला ती हवी होती म्हणून. टिळक-आगरकरांसारख्या तल्लख बुद्धीच्या माणसांना जिथे हे झाले, तिथे मोबाईलवर आलेला मजकूर पुढे ढकलणाऱ्या आपल्यासारख्यांची काय कथा! आपण विरोधकाच्या खोटेपणाला सहसा फसत नाही, कारण तिथे आपण सावध असतो. आपण फसतो ते आपल्या बाजूच्या खोटेपणाला.

तथ्य एक, मते दोन

याच दोघांच्या पुढच्या आयुष्यात दुसरा धडा आहे. मतभेद वाढत गेले, १८८७ साली आगरकरांनी केसरी सोडला आणि १८८८ साली स्वतःचे ‘सुधारक’ काढले. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याच्या वेळी हा भेद पराकोटीला गेला. कलकत्त्याच्या फुलमणी या बालवधूच्या मृत्यूच्या खटल्याने १८९० साली सारा देश हादरला होता. सरकारने संमतीचे वय दहावरून बारा वर्षे करण्याचे ठरवले. सुधारकाने कायद्याचे समर्थन केले. परक्या सरकारने आमच्या सामाजिक चालीरीतींत कायद्याने हात घालू नये, या भूमिकेतून केसरीने विरोध केला.

इथे फुलमणी मेली की नाही, कायद्यात वय काय लिहिले आहे, याविषयी दोन्ही पत्रांत वाद नव्हता. तथ्ये सामाईक होती, वाद मूल्यांचा होता. एकाला मुलीचा जीव आधी वाटत होता, दुसऱ्याला समाजाची स्वायत्तता. आज आपण आगरकरांच्या बाजूने कौल देऊ. मी तर नक्कीच देईन. पण हा कौल मी ‘सिद्ध’ करू शकत नाही, त्याची कारणे सांगू शकते. मतभेद असावा तर असा. वाद करणाऱ्यांच्या पायाखाली एकच जमीन होती. आज अनेकदा असे वाटते की दोन पक्षांच्या वाचकांच्या पायाखालची जमीनच वेगळी झाली आहे.

नावे ठेवण्याचे राजकारण

याचे ताजे उदाहरण आपण सर्वांनी पाहिले आहे. जून २०२२ मध्ये शिवसेनेचे काही आमदार एकनाथ शिंदे यांच्यासह आधी सुरतेला आणि मग गुवाहाटीला गेले. २९ जूनला उद्धव ठाकरे यांनी मुख्यमंत्रिपदाचा राजीनामा जाहीर केला. ३० जूनला शिंदे यांनी शपथ घेतली. १७ फेब्रुवारी २०२३ रोजी निवडणूक आयोगाने पक्षाचे नाव आणि धनुष्यबाण हे चिन्ह शिंदे गटाला दिले. ही झाली घटनांची यादी.

आता या घटनेला नाव काय द्यायचे? एका बाजूच्या लेखणीने लिहिले ‘गद्दारी’, दुसऱ्या बाजूच्या लेखणीने लिहिले ‘उठाव’, मधल्यांनी लिहिले ‘बंड’. तिन्ही शब्द एकाच प्रवासाचे. पण ज्याने नाव स्वीकारले त्याने निकालही स्वीकारला. ‘पन्नास खोके’ ही घोषणा तर आमच्या शाळकरी पोरांच्याही तोंडी होती. ती मत नव्हे आणि तथ्यही नव्हे. तो आरोप होता, आणि ज्यांच्यावर केला त्यांनी तो नाकारला. पण यमक जुळले की आरोप सिद्ध झाल्यासारखा वाटतो.

नामांइतकीच क्रियापदेही बोलकी असतात. एखादा पुढारी काही बोलला, तर एक पत्र लिहिते ‘स्पष्ट केले’, म्हणजे बोलणे खरे धरले. दुसरे लिहिते ‘दावा केला’, म्हणजे शंका घेतली. तिसरे लिहिते ‘कबूल केले’, म्हणजे गुन्हा आधीच ठरवला. चौथे लिहिते ‘मुक्ताफळे उधळली’, म्हणजे ऐकण्याचेही कारण उरले नाही. माणूस बोलला होता एकच वाक्य. ‘म्हणाले’ या साध्या शब्दाला मराठी बातमीत किती कमी मान आहे, याची पाहणी कोणीही आजच्या पेपरात करून पाहावी. ‘चपराक’, ‘दणका’, ‘घरचा आहेर’, ‘तोफ डागली’ हे सारे शब्द वाचकाला बातमी देत नाहीत. वाचकाने कोणाच्या बाजूने टाळ्या वाजवायच्या तेवढे सांगतात.

अर्थात सर्वच निवाड्याचे शब्द टाळता येतात असेही नाही. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात जे घडले त्याला इंग्रज सरकारने दंगल म्हटले, लष्करी कायदा पुकारला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना फाशी दिले. सरकारच्या दप्तरी ते गुन्हेगार. आपल्या चौकात ते हुतात्मे. ‘हुतात्मा’ हा शब्दही निवाडाच आहे. तो मी अभिमानाने वापरते आणि वापरत राहीन. फक्त मला ठाऊक असले पाहिजे की फाशीची तारीख हे तथ्य आहे आणि हुतात्मा हा माझा, माझ्या गावाचा आणि देशाचा निवाडा आहे. निवाडा करू नये असे मी म्हणत नाही. निवाडा करताना आपण निवाडा करत आहोत याची शुद्ध असावी.

याच कारणाने मला पक्षाच्या उघड मुखपत्राची भीती कमी वाटते. १९८८ साली सुरू झालेला ‘सामना’ आपण कोणाचे आहोत हे लपवत नाही. वाचक ते जाणूनच पान उघडतो. तिथे ‘म्हणे’ला नाव आहे. भीती वाटते ती ज्याच्या कपाळावर ‘निःपक्ष’ लिहिले आहे आणि ज्याच्या प्रत्येक क्रियापदात पक्ष आहे, त्याची.

न छापलेली बातमी

इथवर छापलेल्या शब्दांचा विचार झाला. पण जे छापलेच नाही त्याचे काय? ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले. त्याची जाहिरात पैसे देऊनही केसरीने छापली नाही, ही हकीगत बाबासाहेबांनी पुढे १९२७ साली ‘बहिष्कृत भारत’मध्ये नमूद केली आहे. केसरीच्या त्या अंकात कदाचित एकही खोटे वाक्य नसेल. तरीही त्या अंकाच्या वाचकाला महाराष्ट्रात काय घडत आहे याचे खरे चित्र मिळाले नाही. प्रत्येक वाक्य खरे असूनही पान खोटे असू शकते. म्हणून तथ्य आणि मत वेगळे केल्याने काम संपत नाही. कोणती तथ्ये निवडली आणि कोणती गाळली, ही निवडही एक मतच असते, आणि ते मत सर्वांत मूक असते. ज्याचे नाव पानावर येत नाही त्याने ‘मूकनायक’ काढावे लागते.

वाचकाने काय करावे

एवढ्या विवेचनानंतर विद्यार्थी वाचकाच्या हाती काही साधन द्यायला हवे. मी स्वतः पाच प्रश्न वापरते. हे घडले, की कोणाला वाटले? वाटले असेल तर कोणाला, त्याचे नाव काय? हे वाक्य विरोधी बाजूच्या शहाण्या माणसाला मान्य करावे लागेल का? नाम आणि क्रियापद बदलून साधे केले तर बातमीत काय उरते? आणि शेवटी, हे वाचून मला बरे वाटले का? बरे वाटले असेल तर दुप्पट तपासावे.

साधन म्हणून लागतात दोन रंगांच्या पेन्सिली आणि दोन वेगवेगळी वर्तमानपत्रे. घडलेल्याखाली निळी रेघ, वाटलेल्याखाली तांबडी. आरोप आणि भाकिते यांच्यापुढे समासात प्रश्नचिन्ह. आपल्या ग्रंथालयात पेपर वाचायला बसणाऱ्या मित्र-मैत्रिणींनी एकाच घटनेच्या दोन बातम्या घेऊन हे एकदा करून पाहावे; मात्र ग्रंथालयाच्या प्रतीवर रेघा न ओढता आपल्या वहीत वाक्ये उतरवून घ्यावीत, म्हणजे ग्रंथपाल सर रागावणार नाहीत.

मी हे पहिल्यांदा केले ते घरीच. २०२४ च्या उन्हाळ्यात बारावीची परीक्षा संपल्यावर चिमणीच्या त्या दिवसाचे जुने कात्रण मी ट्रंकेतून काढले. मामांकडे गेले तेव्हा त्यांच्या बाजूच्या पेपराचाही त्याच दिवसाचा अंक मागितला. मामींनी तो कपाटाच्या फळीवर अंथरला होता. तो काढून दिला. घरी येऊन अप्पांसमोर दोन्ही कागद ठेवले आणि एकेक वाक्य वाचत गेले. प्रत्येक वाक्यानंतर अप्पा म्हणायचे, “घडल्यालं” किंवा “वाटल्यालं”, आणि मी रेघ ओढायची. अज्जी कोपऱ्यात बसून ऐकत होती, एका वाक्याला तीच मधे म्हणाली, “अंत!”

रेघा ओढून झाल्यावर पाहिले, तर दोन्ही कागदांवर निळ्या रेघा थोड्याच होत्या आणि त्यांतली वाक्ये जवळजवळ तीच होती: तारीख, चिमणी, बंदोबस्त, पाडणारी यंत्रणा. बाकी सारे तांबडे. अप्पा बराच वेळ त्या तांबड्या रेघांकडे बघत राहिले. मग म्हणाले, “एवढ्यासाठी भाऊबीज बुडवली आपण.”

त्यांचे आणि मामांचे एकमत झाले असे मी सांगणार नाही, कारण ते झालेले नाही. चिमणी पाडायला नको होती, असे अप्पांना आजही वाटते. पाडली ते बरे झाले, असे मामांना वाटते. दोघांकडे आपापली कारणे आहेत आणि ती ऐकण्यासारखी आहेत. पण त्या दिवाळीला मामा आले. जेवताना वाद झालाच. अप्पा म्हणाले, “ह्ये माझं मत हाय, पेपराचं न्हाई.” मामांनीही मान हलवली आणि आपले सांगितले.

होटगी हे जंक्शन आहे. इथून एक रूळ वाडीकडे जातो आणि दुसरा विजयपूर-गदगकडे. गाडी कुठली हे पाहिल्याशिवाय आमच्याकडे कोणी डब्यात चढत नाही, कारण चुकीच्या गाडीतही बसायला जागा तितकीच आरामशीर मिळते. वर्तमानपत्र उघडताना एवढी सावधगिरी पुरे आहे.

मी अजूनही संध्याकाळी पेपर वाचून दाखवते. फरक एवढाच, की चौकट आली की आता थांबते, लिहिणाऱ्याचे नाव आधी सांगते आणि मग पुढे वाचते. नाव नसेल तर वाक्याच्या शेवटी माझ्या पदरचा एक शब्द जोडते: म्हणे.